अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

विमान जागेवर येऊन उभं राहिलं, इंजिनं थांबली की आपण पट्टा सोडतो आणि मनातली भीतीही. २० ऑगस्ट २००७ च्या सकाळी जपानच्या ओकिनावा बेटावर, नाहा विमानतळावर नेमकी हीच वेळ होती. तैवानहून आलेल्या चायना एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या उजव्या पंखातून इंधन गळत होतं. तापलेल्या इंजिनापाशी ते पेटलं. जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी तत्काळ कॉकपिटला कळवलं, घसरगुंड्या उघडल्या, प्रवासी पळाले. सर्वांत शेवटी दोघे वैमानिक कॉकपिटच्या खिडकीतून उतरले. १६५ जण होते, १६५ वाचले. विमानाचा मात्र कोळसा झाला.

कारण काय, तर एक वॉशर. आपला प्लंबर ज्याला वायसर म्हणतो, तोच. पंखाच्या पुढच्या कडेला स्लॅट नावाच्या सरकत्या फळ्या असतात. उतरताना बाहेर काढतात, नंतर आत घेतात. त्यांच्या रुळाच्या टोकाला एक बोल्ट. त्याचा नट रुळाच्या भोकापेक्षा लहान, म्हणून त्याला अडवायला वॉशर. तोच नव्हता. बोल्ट निसटून पडला आणि आत सरकणाऱ्या रुळानं तो थेट इंधनाच्या टाकीत घुसवला. जीव कासावीस करणारी गोष्ट पुढेच आहे. हा नट सैल होऊ नये म्हणूनच सुमारे दीड महिना आधी तिथं दुरुस्ती झाली होती. वॉशर बहुधा तेव्हाच गळून पडला.

त्या अरुंद पोकळीत हात घालून चाचपडत नट बसवणारा माणूस मी डोळ्यांपुढे आणतो. त्याला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. जपानी चौकशी अहवालानं तसं केलं नाही. काम किती अडचणीचं आहे याचा पुरेसा विचार ते नेमून देणाऱ्यांनी केला नाही, असं तो म्हणतो. आणि ही अडचण ना कामगारानं वर कळवली, ना त्याच्या मुकादमानं.

का कळवली नसेल, ते अहवालात शोधायची गरज नाही. 'काम अवघड आहे' म्हणणाऱ्याला आपण काय ऐकवतो? नाचता येईना, अंगण वाकडं. एवढं ऐकल्यावर माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. जमेल तसं करतो, सही करतो, घरी जातो. पण त्या पंखात अंगण खरंच वाकडं होतं. अडचण बोलून दाखवणं हा कामचुकारपणा नव्हे, तो कामाचाच भाग आहे, असं मी मानतो.

तुमच्या हाताखाली माणसं असतील, मग ती कारखान्यात असोत, वॉर्डात असोत की घरात, तर उद्या त्यांतल्या एकाला एवढंच विचारा: तुझा हात कुठं पोचत नाही? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.