कड्यावर हुकूम कोणाचा?

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात, मोहरचे कडे अटलांटिक महासागरात जवळजवळ सरळ उतरतात. ही भिंत साधारण 14 किलोमीटर पसरलेली आहे आणि ओब्रायनच्या मनोऱ्याजवळ तिची उंची 214 मीटर भरते. डब्लिनहून सकाळी निघून रात्री परतता येते, म्हणून या कड्यांची एका दिवसाची सहल हा तिथला मोठा धंदा आहे. त्यातला महागडा प्रकार म्हणजे खासगी सहल. गाडी फक्त तुमची, गाइड फक्त तुमचा. हॉटेलच्या दारातून नेणार, सांगाल तिथे थांबणार, हवा तेवढा वेळ देणार. ज्या अनुभवासाठी माणूस इतका पैसा मोजतो, त्या अनुभवाची ख्याती मात्र अशी की त्यात माणसाला स्वतःच्या आवडीनिवडीचा विसर पडतो. एकीकडे ‘तुम्ही म्हणाल तसे’ असे वचन आणि दुसरीकडे ‘तुम्ही कोण?’ असे विचारणारा दगड. या दोन गोष्टी एकाच दिवसात बसू शकतात का, हा प्रश्न पर्यटनाचा वाटला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे.

अशा कड्यासमोर मनाचे काय होते, याचा सर्वांत प्रभावी विचार एका आयरिश माणसानेच मांडला, हा योगायोग सुखद आहे. डब्लिनमध्ये जन्मलेल्या एडमंड बर्कने 1757 साली उदात्त आणि सुंदर यांच्यातला भेद सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. (वॉरन हेस्टिंग्जवरचा महाभियोग लढवणारा म्हणून आपल्याला माहीत असलेला बर्क तो हाच.) उदात्ताचे मूळ त्याने भयात शोधले. धोका अंगावर आला तर नुसती भीती वाटते. तोच थोडा दूर राहिला तर त्या भीतीतून एक वेगळाच आनंद उपजतो. इमॅन्युएल कांटने 1790 साली हा धागा पुढे नेला आणि डोक्यावर झुकलेले खडक, खवळलेला समुद्र ही उदाहरणे देताना अट घातली की पाहणारा सुरक्षित जागी असायला हवा. त्यांच्या सातएक शतके आधी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने रंगभूमीच्या संदर्भात याच्या जवळचे काही सांगून ठेवले होते. दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या हरिणाची भीती प्रेक्षकाला जाणवते, पण ती ‘माझी’ भीती नसते, ‘त्याची’ही नसते, अमक्या काळाची, तमक्या जागेची हे बंध तिच्यावरून गळून पडतात. रसास्वादात येणारी जी सात विघ्ने त्याने मोजली, त्यांतले एक म्हणजे आपल्याच सुखदुःखात अडकून पडणे. अलीकडे मानसशास्त्रज्ञही त्याच दिशेला आले आहेत. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही विद्यार्थ्यांना मिनिटभर उंच निलगिरीच्या झाडांकडे पाहायला लावले आणि काहींना शेजारच्या इमारतीकडे. नंतर कोणाच्या तरी हातून पेने सांडली, तेव्हा झाडांकडे पाहिलेल्यांनी ती जास्त उचलून दिली. संशोधकांचा निष्कर्ष असा की विस्मयात ‘मी’चा आकार लहान होतो. बर्क, अभिनवगुप्त आणि पेने उचलणारे विद्यार्थी यांचे जग एक नाही, तरी तिघांची साक्ष एका मुद्द्यावर जुळते: विस्मय हवा असेल तर ‘मी’ला जागा सोडावी लागते.

कांट वाचलेला वाचक इथे अडवेल. सौंदर्यमीमांसक रा. भा. पाटणकरांनी कांट मराठीत इतक्या तपशिलाने उलगडला आहे की हा आक्षेप टाळता येत नाही. कांटच्या मते उदात्ताच्या अनुभवात माणूस शेवटी लहान होत नाही. निसर्गाच्या बळापुढे देह क्षुद्र ठरतो, आणि त्याच क्षणी त्याला कळते की आपल्यात असे काही आहे जे कोणत्याही कड्याला मोजता येत नाही. म्हणजे विस्मय ‘मी’ला मोठाच करतो, मग गाडीत मागे रेलून बसलेल्या गिऱ्हाइकाचा ‘मी’ मोठा झाला तर बिघडले कुठे? पण कांट ज्याला मोठे म्हणतो ती विवेकशक्ती आहे, आणि ती अमक्या साहेबांची खासगी मालमत्ता नाही. ती गाडी चालवणाऱ्यात आहे, वाहनतळावर पावती फाडणाऱ्यात आहे. आरक्षण ज्याच्या नावाने झाले, ज्याला खिडकीजवळची जागा हवी, ज्याचे जेवण एक वाजता व्हायला हवे, तो ‘मी’ कांटच्या हिशेबातही लहानच होतो. तेव्हा हा आक्षेप आपला मुद्दा खोडत नाही, उलट त्याला जास्त धार देतो.

खासगी सहलीवर एरवी जे आरोप होतात ते मात्र मला नेम चुकलेले वाटतात. पैसे देऊन घेतलेला विस्मय खोटा, असे म्हणणाऱ्याने ओब्रायनच्या मनोऱ्याचा इतिहास पाहावा. कॉर्नेलियस ओब्रायन हा स्थानिक जमीनदार आणि पार्लमेंटचा सभासद. येणाऱ्याजाणाऱ्यांना कडे नीट दिसावेत म्हणून त्याने 1835 साली हा मनोरा बांधला. या भागात त्याने इतके काही उभारले की कडे सोडून बाकी सगळे त्यानेच बांधले, असे लोक चेष्टेने म्हणत. म्हणजे गेली जवळजवळ दोनशे वर्षे हा देखावा कोणीतरी पैसा घालून, जागा आखून दाखवत आला आहे. 2007 साली उघडलेले पर्यटक केंद्र तर टेकडीच्या पोटात बांधले आहे, जेणेकरून ते नजरेत खुपू नये, तीही मांडणीच. शिवाय सुरक्षित अंतर ही बर्क आणि कांट दोघांची अट, आणि ते अंतर कठडा, पायवाट, रस्ता यांतूनच तयार होते. मांडणीमुळे अनुभव खोटा ठरत असेल तर मनोऱ्याच्या गच्चीवरून पाहिलेल्या सगळ्या पिढ्यांचा अनुभव खोटा. घाईचा आरोपही फारसा टिकत नाही. डब्लिनहून जायला तीन-साडेतीन तास, यायला तेवढेच, कड्यावर दोन तास. यात काय कळणार, असे म्हणतात. कड्याविषयी ज्ञान होणार नाही हे खरे. पण विस्मयाला मिनिटभरही पुरते, हे त्या झाडांखालच्या विद्यार्थ्यांनी दाखवले आहे.

दोष आहे तो हुकमाच्या दिशेत. खासगी सहलीत पैसा ग्राहकाकडून गाइडकडे जातो आणि हुकूमही त्याच दिशेने जातो. तिथेच सगळे बिघडते. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला विधीसाठी बसलेला यजमान पहा. दक्षिणा त्याची, साहित्याचा खर्च त्याचा, पण गुरुजी म्हणतात ‘हात पुढे करा’ की हात पुढे होतो, ‘पाणी सोडा’ म्हणतात की पाणी सुटते. पैसा एका दिशेला आणि आज्ञा दुसऱ्या दिशेला, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. (त्या व्यवस्थेत लुबाडणूक होत नाही असे मी म्हणत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय.) खासगी सहलीत मात्र गाइड हा ग्राहकाच्या मर्जीचा विस्तार होऊन बसतो. ग्राहकाला सिनेमा आवडतो असे दिसले की तो ‘द प्रिन्सेस ब्राइड’मधले वेडाचे कडे ते हेच, ‘हॅरी पॉटर’चे चित्रीकरण झाले ते इथेच, एवढे सांगून मोकळा होतो. ग्राहक ज्या जगातून आला तेच जग त्याला कड्यावर परत भेटते. फोटो काढायची जागा, वेळ, कोन सगळे त्याच्या सोयीने ठरते. कडा समोर असतो, पण त्या दिवसाचा केंद्रबिंदू असतो ग्राहक.

याची खरी परीक्षा धुक्यात होते. या किनाऱ्यावर अटलांटिकचे हवामान येऊन आदळते आणि कित्येकदा पांढऱ्या पडद्यापलीकडे कडा अजिबात दिसत नाही. खालून लाटांचा आणि पक्ष्यांचा आवाज तेवढा येतो. अशा दिवशी ‘आम्ही एवढे पैसे भरले’ हे वाक्य तोंडात येणे स्वाभाविक आहे, आणि त्या वाक्यातच सगळा गैरसमज उघडा पडतो. पैसे गाडीचे, इंधनाचे, एका माणसाच्या दिवसाचे दिलेले असतात. कड्याने दर्शन देण्याचा करार कोणी केलेला नसतो. खरे तर धुके हे त्या जागेचे सर्वांत प्रामाणिक उत्तर मानायला हवे. पफिन पक्ष्यांचेही तेच. ते वसंतात अंडी घालायला जमिनीवर येतात आणि जुलै सरता सरता समुद्रावर निघून जातात. ऑक्टोबरात कितीही भारी गाडी करून गेले तरी दिसत नाहीत.

चांगला गाइड इथे नुसता उपयोगी पडत नाही, तो अनुभवाचा भाग होतो. त्याने विस्मय वाटायला लावायचा नसतो. लक्ष कुठे द्यायचे ते सांगायचे असते. तो ग्राहकाला आधी समुद्राकडे नाही तर पायाखाली पाहायला सांगेल. जवळच्या लिस्कॅनर गावच्या दगडी फरश्यांवर नागमोडी वळ्या उमटलेल्या दिसतात. पाण्याच्या तळाशी गाळात अन्न शोधत सरपटलेल्या जीवांनी सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वी सोडलेल्या त्या खुणा आहेत. एका प्रचंड नदीने तेव्हा इथे वाळू आणि चिखल आणून टाकला, त्याचे थरावर थर बसले, आणि आज कड्यावर दिसणारे वालुकाश्माचे व शेलचे पट्टे त्यातूनच झाले. शेजारच्या बरेन या खडकाळ प्रदेशातला उघडा चुनखडक याहून जुना. दक्षिणेकडे तो या थरांच्या खाली शिरतो. म्हणजे बरेनमधून कड्यांकडे येणारी गाडी जुन्या थरावरून नव्या थरावर चढत असते. हे कळल्यावर कड्याची उंची मीटरमध्ये राहत नाही. माहितीने विस्मय मरतो असे म्हणणारे बहुधा सिनेमाची माहिती आणि ही माहिती एकाच पारड्यात टाकतात. पहिली आपल्याला आपल्याच जगात परत आणते, दुसरी आपल्याला जागाच ठेवत नाही.

आणि चांगला गाइड ‘नाही’ म्हणतो. कड्याची कड ठिसूळ आहे, वरून गवत दिसते आणि खाली पोकळी असू शकते, वारा अचानक झोडपतो. काही पर्यटकांचे मृत्यू झाल्यानंतर 2024 साली डूलिन ते लिस्कॅनर या किनारवाटेचा बराच भाग बंद करावा लागला. फोटोसाठी कठड्यापलीकडे जाऊ पाहणाऱ्या ग्राहकाला जो गाइड ठामपणे मागे खेचतो, तो बर्क आणि कांट यांनी घातलेली अटच पाळत असतो. कडेपाशी जीव मुठीत धरलेल्या माणसाला भीती वाटते, विस्मय नाही.

यावर म्हातारी माणसे, अपंग माणसे यांचे काय, असा रास्त प्रश्न येतो. डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या मुलामुलींकडे महिना-दोन महिने राहायला जाणारे पुण्या-ठाण्याचे आईवडील आता कमी नाहीत. गुडघे दुखणाऱ्याला पन्नास जणांच्या बसच्या वेळापत्रकामागे पळायला लावणे हे काही तत्त्वज्ञान नव्हे. त्यांनी खासगी गाडी जरूर करावी. माझा आक्षेप गाडीवर नाहीच. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: मग गाइड हवाच कशाला, एकट्याने जावे, एकांतातच विस्मय भेटतो. आयर्लंडचेच उदाहरण याच्या विरोधात जाते. केरी परगण्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात स्केलिग मायकेल नावाचा, मोहरएवढाच उंच सुळका आहे. तिथे ख्रिस्ती भिक्षूंनी कित्येक शतके दगडी घुमटाकार झोपड्यांत राहून प्रार्थना केली. 1996 साली तो जागतिक वारसा ठरला. एकांताचे याहून टोकाचे ठिकाण सापडणार नाही. तरीही ते भिक्षू एकेकटे मनाला येईल तसे राहत नव्हते. मठ म्हटला की मठाधिपती आला, दिवसाचे नियम आले, प्रार्थनेच्या वेळा आल्या. आजही तिथे उतरायचे की नाही हे समुद्र पाहून नावाडी ठरवतो, प्रवासी नाही. एकांताला शिस्त लागते. ती दुसऱ्याकडून घेण्यात कमीपणा नाही.

एक अडचण उरते, आणि ती सोपी नाही. गाइडचे पोट ग्राहकाच्या खुशीवर चालते. दिवसाअखेर बक्षिसी असते आणि फोनवरचे तारेही. ‘नाही’ म्हणणाऱ्याला दोन तारे मिळत असतील तर तो ‘हो’च म्हणत राहणार. म्हणून हुकमाची दिशा बदलण्याची जबाबदारी ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्यावरच येते. गाडी ठरवताना जेवण आणि वायफायच्या आधी एकच विचारून घ्या: धुके असले तर काय करता? ‘पैसे परत’ किंवा ‘दुसरीकडे मस्त फोटो काढून देतो’ म्हणणारा सोडून द्या. ‘तासभर थांबू, नाही उघडले तर बरेनमध्ये पोलनाब्रोनची पाच हजार वर्षांहून जुनी दगडी कबर दाखवतो, पण तिथेही दगडांना हात लावू देणार नाही’ असे कोणी म्हणाले, तर त्याच्याबरोबर जा, आणि परत आल्यावर त्याला पाच तारे द्या.