मुठीतल्या कवड्या

एकाने मूठ मिटून विचारले, "सांग पाहू, आत कवड्या किती?" दुसऱ्याने ठोकून दिले, "पाच!" मूठ उघडली तो खरोखरच पाच. आता, वाचकहो, त्या गृहस्थाला ते ठाऊक होते म्हणायचे काय? बाराव्या शतकात श्रीहर्षाने 'खंडनखंडखाद्या'त हा दृष्टांत घातला तो नैयायिकांना कोंडीत धरण्यासाठी. वस्तू आहे तशी जाणणे म्हणजे प्रमा म्हणता, मग ही फेकसुद्धा प्रमाच की!

पुढे चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशोपाध्यायांनी सांगितले, की ज्ञान खरे निपजते ते कारणातल्या गुणामुळे आणि खोटे निपजते ते दोषामुळे. म्हणजे नुसते उत्तर पाहू नका, ते आले कुठून ते पाहा. १९७९ साली अमेरिकेत आल्विन गोल्डमन यांनी जवळजवळ हेच मांडले. समजूत ज्या वाटेने आली ती वाट बहुतेक वेळा खऱ्याकडे नेणारी असली, की समजूत ग्राह्य; मग धन्याला कारण सांगता येवो वा न येवो.

हे शेवटचे कलम आम्हांस फार मोलाचे वाटते. आमची आजी ज्वारी कणगीत भरण्याआधी दाणा दाताखाली धरी. कटकन फुटला तर भरा, चिवट लागला तर आणखी दोन उन्हे द्या. आम्ही चार बुके शिकलेले; विचारायचो, "कशावरून गं?" ती म्हणे, "दात सांगतोय की!" तिला अडाणी म्हणणारे आम्ही, पण ज्वारीतले ज्ञान तिच्याकडे होते, आमच्याकडे नव्हते.

यावर लॉरेन्स बॉनजूर यांनी १९८० साली खोच काढली. समजा, एकाला दूरचे अचूक दिसते, पण आपल्याला तशी शक्ती आहे याचा त्याच्यापाशी काडीचा पुरावा नाही. त्याला एकाएकी जे वाटले ते खरे निघाले, तरी ते ज्ञान कसे? प्रश्न बोचतो खरा. नैयायिकांची तोड आम्हांस पटते: ज्ञान खरे असणे वेगळे आणि ते खरे आहे असे कळणे वेगळे. पाणी दिसले, गेलो, प्यालो, तहान भागली. मग कळले की दिसले ते मृगजळ नव्हते. आजीने अशा कितीतरी सुग्या पारखल्या होत्या. त्या दूरदर्शी बाबाने एकही नाही.

म्हातारपणी तिचे दात गेले. तेव्हा तिने दाणा आमच्या हातावर ठेवला नि म्हणाली, "तू चाव, मी आवाज ऐकते."