गोन्सालो गार्सिया आणि मूल्यशिक्षणाचा तास

संत गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. सोळाव्या शतकात वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. १८६२ मध्ये या सव्वीसही जणांना संतपद मिळाले. बदलापूरवरून वाहणारी उल्हास नदी वसईच्या खाडीलाच मिळते, तेव्हा उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यातल्या मुलांना हा संत परका वाटायचे कारण नाही.

या पट्ट्यात संतचरित्रे दोन ठिकाणी सांगितली जातात. एक म्हणजे नोकरीधंद्यानिमित्त केरळ, गोवा, वसईहून आलेल्या कॅथलिक कुटुंबांच्या मुलांचा रविवारचा धर्मशिक्षण वर्ग. दुसरी जागा कॅथलिक संस्थांच्या शाळा. तिथे सिंधी आणि मराठी हिंदू मुलेही बसतात. राज्याच्या मूल्यशिक्षणातल्या दहा मूल्यांत वक्तशीरपणा आहे, नीटनेटकेपणा आहे. प्रामाणिकपणा आणि धैर्य मात्र त्या नावाने नाहीत. ती उणीव चरित्राने भरून निघू शकते, पण चरित्राचा कोणता भाग निवडला यावर बरेच अवलंबून असते.

सांगणारा बहुधा थेट क्रुसापाशी पोहोचतो. मुलांना गोष्ट आवडते, पण धैर्य म्हणजे मरण, असा समज होऊन बसतो आणि दहा वर्षांच्या मुलाला त्याचे काय करावे ते कळत नाही. गोन्सालोंच्या आयुष्याचा मधला भाग शिकवायला अधिक उपयोगी आहे. जेझुइट संघाच्या धर्मगुरूंसोबत ते लहान वयात जपानला गेले, भाषा शिकले, वर्षानुवर्षे काम केले. तरी त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. पुढे व्यापारात जम बसला. तो सोडून मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ते धर्मबंधू झाले, धर्मगुरू नव्हे. १५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या वकिलातीबरोबर ते जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले, तेही दुभाषी म्हणून. फिलिपाइन्सने आपले मांडलिकत्व मानावे, अशी या सत्ताधीशाची मागणी होती. अशा दरबारात एखादा शब्द सौम्य करून वेळ मारून नेणे दुभाष्याला सहज जमते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. वर्गात निरोप पोहोचवणाऱ्या, मित्राची चूक शिक्षकांपुढे सांगावी की नाही या पेचात सापडणाऱ्या मुलाला हा प्रसंग चटकन कळतो.

प्रामाणिकपणा शिकवायचा तर इतिहासही लपवता येत नाही. वसईत तेव्हा पोर्तुगीज सत्ता होती आणि त्या सत्तेने देवळे पाडली होती. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले आणि धर्मप्रचारकांमागून सैन्य येते, हा जपानी संशय बळावला. पुढची धरपकड त्यातूनच झाली. आठवी-नववीच्या मुलांना हे सांगायला हरकत नाही. जपानी सत्तेचा संशय अगदीच निराधार नव्हता आणि तरीही मारलेली माणसे निरपराध होती, या दोन्ही गोष्टी एकत्र धरणे त्यांना जमते. मोठ्यांनाच ते अनेकदा जड जाते.

त्या सव्वीस जणांत बारा वर्षांचा लुइस इबाराकीही होता. धर्म सोडलास तर जीव वाचेल, असे सांगूनही तो बधला नाही. लहान वर्गांत त्याची गोष्ट आवर्जून सांगितली जाते, पण तिथे ती टाळलेली बरी. त्या वयासाठी गोन्सालोंचे चरित्र मनिलापर्यंत पुरते: नकार पचवणारा, चालता धंदा सोडणारा, धाकट्या पदावर समाधानी राहणारा माणूस.