अन्नपालट आणि अन्नाची लाज

राष्ट्राच्या अन्नाविषयी लोकांत दोन मते आढळतात. कित्येक म्हणतात, वाडवडिलांनी जे खाल्ले तेच खरे अन्न होय, आणि ते सोडल्यापासून आपली अवनती झाली. दुसरे कित्येक म्हणतात, जाडेभरडे अन्न हे अडाणीपणाचे लक्षण असून, राष्ट्र जसजसे सुधारते तसतसे त्याचे ताटही सुधारते. आमच्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. अन्न पालटणे हे स्वतः पापही नव्हे आणि पुण्यही नव्हे. ते कोणत्या कारणाने पालटले, व त्या पालटाने कोणाचा भार हलका झाला आणि कोणाची मान खाली गेली, ह्यावरून त्याची पारख केली पाहिजे.

प्रथम वाडवडिलांच्या अन्नाचा विचार करू. मिरचीवाचून आपल्या ताटाची कल्पनाही करवत नाही. तथापि मिरची ह्या देशाची नव्हे. ती, बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, पेरू, पपई, काजू ही सर्व अमेरिका खंडातील असून, 1498 साली वास्को द गामा कालिकतास आला व 1510 साली पोर्तुगिजांनी गोवे घेतले, त्यानंतरच्या काळात ती हळूहळू इकडे पसरली. तत्पूर्वी आपले पूर्वज तिखटासाठी मिरी, पिंपळी व आले वापरीत असत. बटाटा व पाव हे शब्दही पोर्तुगीजच आहेत. फार काय, उपवासाच्या पवित्र ताटात जो साबुदाणा असतो, तोही आपल्याकडे अमेरिकेतून आलेल्या एका कंदापासूनच होतो! तेव्हा आज जे सनातन वाटते ते एके काळी परके होते, हे ध्यानात ठेवून मनुष्याने आपल्या ताटाचा गर्व बेताने करावा हे बरे.

आता आपल्याच काळातील एक मोठा अन्नपालट पाहू. घाटावरील बहुतेक गावांत रोजचे अन्न म्हणजे ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, आणि गव्हाची पोळी सणावारी, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. आज पुष्कळ घरांत तो उलटा झाला आहे. हे कसे घडले? कोणी सभा भरवून तसा ठराव केला नाही. अनेक कारणे एकामागून एक आली, आणि ताट पालटून गेले.

पहिले कारण श्रम. भाकरी सोपी नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. त्यामुळे ते ऊन पाण्यात मळावे लागते, व एकेक भाकरी हाताने थापून लगेच भाजावी लागते. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडू होते. गव्हाचे पीठ मात्र टिकते आणि कणीक सहज लाटता येते. ज्या बाईला दिवस उगवताच मजुरीवर जावयाचे आहे, तिने सोपे ते पत्करले तर तिला दोष कोणी द्यावा?

दुसरे कारण शेती. 1966 साली सरकारने मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे सुमारे 18,000 टन बी आणविले. 1964-65 साली देशात सुमारे 1 कोटी 20 लक्ष टन गहू पिकला होता. 1969-70 साली तो 2 कोटी टनांवर गेला. ज्या देशाला परदेशच्या जहाजांकडे डोळे लावून बसावे लागत होते, त्याला ह्या गव्हाने आपल्या पायांवर उभे केले, हा उपकार लहान नव्हे. परंतु सरकारी खरेदी मुख्यतः गहू व तांदूळ ह्यांची झाली, म्हणून शिधावाटपाच्या दुकानातही मुख्यतः तेच आले. 1972 सालच्या दुष्काळात परदेशची लाल मिलो खाऊन दिवस काढलेली माणसे अद्याप गावोगावी आहेत. त्यांना विचारावे, म्हणजे भुकेपुढे आवडनिवड किती वेळ टिकते ते कळेल. 2013 सालच्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांतील प्रत्येक माणशी दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला. गहू 2 रुपये किलो ठरला, आणि 2023 सालापासून तर ते धान्य विनामूल्य मिळू लागले. जे धान्य घरी येते तेच चुलीवर चढते.

श्रम, शेती व शिधा ह्या कारणांविरुद्ध आमची तक्रार नाही. पण चौथे एक कारण आहे, व ते आम्हांस अनीतीचे वाटते. ते म्हणजे लाज. पाहुणा आला की भाकरीची टोपली झाकून पोळ्या लाटावयाच्या. डब्यात भाकरी आणणाऱ्या मुलाला सोबत्यांनी हसावे, आणि त्याने कोपऱ्यात तोंड फिरवून जेवावे. सोयरीक जुळविताना ‘आमच्याकडे भाकरी होत नाही’ हे भूषण म्हणून सांगावे! येथे भुकेचा प्रश्न नाही व श्रमाचाही नाही. येथे एका धान्याला उच्च जात व दुसऱ्याला नीच जात दिली गेली, आणि ते खाणाऱ्यालाही तीच चिकटविली गेली.

येथे कोणी विचारील की, मानासाठी अन्न सोडणे नेहमीच वाईट काय? मुळीच नाही. 1927 सालच्या मार्च महिन्यात महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांस मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा उपदेश केला. तोही अन्नपालटच होता, व मानासाठीच होता. परंतु भेद पाहा. ते अन्न गावाने लादलेल्या दास्याशी जखडलेले होते. ते सोडणे म्हणजे दास्य नाकारणे होते, आणि तो निश्चय खाणाऱ्यांनी स्वतः मिळून केला. भाकरी ही आपल्या कष्टाची मिळकत होय. तिची लाज धरणे म्हणजे आपल्याच घामाची लाज धरणे आहे. पहिल्या त्यागाने मनुष्य ताठ उभा राहतो; दुसऱ्याने तो वाकतो.

ही लाज किती पोकळ आहे हे अलीकडे दिसूनही आले. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. सरकारने ह्या धान्यांस ‘श्रीअन्न’ असे नाव दिले. बाजरीत लोह आहे, नाचणीत चुना आहे, ज्वारीत चोथा भरपूर आहे, असे वैद्य सांगू लागले. आणि शहरांत ज्वारीचा भाव पुष्कळदा गव्हाच्या वर गेला. दाणा तोच होता, पाहणाऱ्यांचे डोळे मात्र फिरले. ज्या गरिबाने लाजेने ज्वारी सोडली, तो आज ती विकत घेऊ गेला तर त्याला ती परवडत नाही. कडबा गेल्याने त्याच्या गुरांच्या वैरणीचीही ओढ झाली, ती निराळीच.

तथापि गेलेल्या काळाची खोटी गोडीही नको. मिसर देशातून सुटलेले इस्राएल लोक रानात तेथल्या काकड्या व कांदे आठवून रडले, परंतु तेथल्या विटांची व चाबकाची आठवण त्यांस त्या वेळी झाली नाही. आपणही जुन्या भाकरीची गोडी गाताना, ती भाकरी व्हावी म्हणून पहाटेच्या अंधारात जाते ओढणाऱ्या बाईला विसरतो. गावात पिठाची गिरणी आली तो दिवस तिच्या सुटकेचा होता. जाते परत यावे असे जो म्हणतो, त्याने प्रथम आठ दिवस ते स्वतः ओढून पाहावे.

तेव्हा वाचकहो, आपल्या ताटात काही पालट होत असेल तर स्वतःस तीन प्रश्न विचारावे. ह्याने शरीराचे पोषण होते काय? ह्याने घरातील कोणाचा भार वाढतो की हलका होतो? आणि हे मी गरज पाहून करतो, की शेजाऱ्याच्या नजरेस भिऊन? पहिल्या दोहोंची उत्तरे घरोघर निराळी येतील, आणि त्याप्रमाणे कोणी पोळी खावी, कोणी भाकरी, कोणी भात. तिसऱ्याचे उत्तर मात्र सर्वांस एकच असले पाहिजे. पाहुणा आला तर घरात जे शिजले असेल ते, भाकरी असेल तर भाकरी, झाकून न ठेवता पुढे ठेवावे, आणि मुलांच्या देखत ठेवावे. कारण अन्नाची लाज मुले पुस्तकात शिकत नाहीत, ती आपल्याच घरात शिकतात.