हरकत नाही

भिवंडीतल्या एका गल्लीत रात्रंदिवस लूम खडखडत असत. तिथल्या जॉबरच्या हातून भांडणात एका विणकराचा जीव गेला. जॉबरला जन्मठेप झाली, आणि ती योग्यच होती.

वर्षं गेली. जॉबर म्हातारा झाला, लकव्याने त्याची उजवी बाजू गेली. बराकीतला एक कैदी त्याला उचलून संडासला न्यायचा, वरणभात कालवून भरवायचा. मग जॉबरच्या बहिणीने पॅरोलचा अर्ज केला आणि हवालदार चौकशीला गल्लीत आला. कुणाची हरकत आहे का, असं त्याने विचारताच सगळ्यांनी मारलेल्या विणकराच्या घराकडे बोट दाखवलं.

विधवा म्हणाली, "माझी हरकत आहे." तिला निष्ठुर म्हणू नये. तिने कांड्या भरून तीन पोरं वाढवली होती.

"उद्या ठाण्यात येऊन सही करा," हवालदार म्हणाला.

संध्याकाळी कैद्यांना भेटायला जाणारी एक कॅथलिक सिस्टर तिच्याकडे आली. विधवेने पाणी दिलं आणि सुनावलंही, "तुमच्याकडे माफी स्वस्त असेल, सिस्टर."

"माफी मागायला नाही आले, ताई. ती द्यायची की नाही, ते तुमच्या हाती. शिक्षाही माफ होत नाहीये, रजा संपली की त्याला परत जायचंय. तुरुंगातल्या माणसाला भेटलात तर मलाच भेटलात, असं येशूने शिकवलंय. तो माणूस निर्दोषच हवा, अशी अट त्याने घातली नाही."

मग ती फादर स्टॅन स्वामींबद्दल बोलली. हे येशूसंघाचे धर्मगुरू झारखंडच्या आदिवासींत राहत. ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, एल्गार परिषद प्रकरणात एनआयएने त्यांना रांचीहून अटक केली आणि त्यांची रवानगी तळोजा तुरुंगात झाली. पार्किन्सनमुळे पेला हातात ठरत नव्हता, म्हणून स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. खटला उभाच राहिला नव्हता, गुन्हा शाबीत होणं दूरच. ५ जुलै २०२१ रोजी मुंबई हायकोर्टात त्यांच्या जामिनाची सुनावणी होती. त्याच दुपारी ते वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये वारले आणि डॉक्टरांनी न्यायमूर्तींना तसं कळवलं.

"त्यांना कोर्टाकडून जामीन हवा होता," सिस्टर म्हणाली. "इथे तुमचा एक शब्द लागतोय."

विधवेने बऱ्याच वेळाने विचारलं, "त्याला पाणी कोण पाजतं?"

"शेजारचा कैदी."

"आणि तो सुटला की?"

सिस्टरकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विधवा ठाण्यात गेली. "माझ्या दारावरून त्याने जायचं नाही. माफ केलंय, असंही लिहू नका. बहिणीकडे राहू दे त्याला. लिहा, हरकत नाही." तिने सही केली. मग गल्लीतले बाकीचेही सहीला आले.

उद्या तुमच्याही गल्लीत एखाद्या थकलेल्या, आजारी कैद्याच्या अर्जाची चौकशी येईल. राग धरायचा तर धरा, पण उत्तर त्याच दिवशी द्या. कारण अर्ज करणाऱ्यापाशी दिवस थोडे आहेत.