व्हिसाची मुदत आणि अल्बमचे आयुष्य

2003 साली लाइफफोर्स रेकॉर्ड्स या जर्मन कंपनीने फ्लोरिडातल्या तीन पोरांचा पहिला अल्बम काढला. बँडचे नाव ट्रिव्हियम, अल्बमचे ‘एम्बर टू इन्फर्नो’. गाणारा आणि गिटार वाजवणारा मॅट हीफी तेव्हा सतरा वर्षांचा होता. सहा वर्षांनी, 2009 मध्ये, त्याच कंपनीने दुबईच्या नर्व्हसेल या बँडचा पहिला पूर्ण अल्बम ‘प्रीचिंग व्हेनम’ युरोपातल्या दुकानांत पोहोचवला. संयुक्त अरब अमिरातीतल्या संगीताविषयी बोलायचे तर हा योगायोग बराच उपयोगी आहे. दोन्ही अल्बम तरुण मुलांचे आणि दोन्हींची पहिली मोठी फेरी एकाच कंपनीच्या शिक्क्याने झाली. त्यांचे नशीब मात्र वेगवेगळे ठरले, आणि त्याला संगीताइतकेच गावही कारणीभूत आहे.

ट्रिव्हियमचे संगीत मेटलकोर. हार्डकोर पंकचा त्वेष आणि हेवी मेटलची गिटार यांच्या मिलाफातून नव्वदच्या दशकात अमेरिकेत हा प्रकार फोफावला. त्याची खूण म्हणजे ‘ब्रेकडाउन’. गाणे भरधाव चाललेले असताना लय एकदम खाली येते, दुगुनीतून थेट ठायीत यावे तशी. गिटारवाला उजव्या तळव्याची कड तारांवर दाबून खर्जातले तुटक ठोके देत राहतो, ड्रमर पायाखालचा बेस ड्रम नेमका त्याच ठोक्यांवर बसवतो आणि समोरची गर्दी मधोमध रिंगण मोकळे करते. मुंबईच्या स्क्राइब बँडने हाच प्रकार हिंदी सिनेमातल्या खलनायकांशी जोडून ‘मार्क ऑफ तेजा’ (2010) आणि ‘हेल मोगॅम्बो’ (2014) असे अल्बम काढले. नर्व्हसेलचे संगीत याच्या शेजारचे, पण अधिक कडवे. जाणकार त्याला डेथ मेटल आणि थ्रॅश यांचे मिश्रण म्हणतात.

नर्व्हसेल उभा राहिला तो शतक बदलताना, दुबईत. गिटारवर बार्नी रिबेरो आणि रामी मुस्तफा, बेस आणि आवाज जेम्स खझालचा. रिबेरो हे आडनाव गोव्याच्या वाचकाला परके वाटणार नाही. उरलेली दोन आडनावे अरब. अमिरातीतल्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटात सापडेल अशीच ही सरमिसळ आहे. 2004 मध्ये ‘ह्यूमन केऑस’ ही छोटी ध्वनिमुद्रिका आली. त्याच वर्षी दुबई डेझर्ट रॉक हा महोत्सवही सुरू झाला.

त्या महोत्सवाचे महत्त्व भारतीय श्रोत्याला वेगळे सांगायला नको. 9 मार्च 2007 रोजी आयर्न मेडन दुबईत वाजवून गेले आणि आठच दिवसांनी, 17 मार्चला, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर उभे राहिले. पुढच्या वर्षी 1 फेब्रुवारीला ते मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आले. मोठे बँड भारताकडे वळू लागले तेव्हा दुबई हे वाटेवरचे ठाणे होते. सॅम डन यांच्या ‘ग्लोबल मेटल’ (2008) या माहितीपटात मुंबई आहे आणि दुबईचा हा महोत्सवही आहे. सौदी, इराण, इजिप्त अशा देशांतले चाहते तिथे एका मैदानात जमलेले दिसतात. मायदेशी जे उघडपणे ऐकता येत नव्हते, ते ऐकायला ही मुले विमानाने येत. नर्व्हसेलनेही त्याच मंचावर वाजवले. घरच्या बँडला घरच्या मैदानात जगातल्या बड्या बँडांबरोबर उभे राहायला मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. 2009 नंतर मात्र तो महोत्सव झाला नाही.

पण दुबईत बँड टिकवण्याची खरी अडचण मंचाबाहेरची आहे. अमिरातीतल्या दर दहा रहिवाशांपैकी जवळपास नऊ जण परदेशी नागरिक आहेत. त्यांत एकट्या भारतीयांची संख्या 35 लाखांहून अधिक. तिथे जन्म झाला म्हणून परदेशी आईबापांच्या मुलाला नागरिकत्व मिळत नाही. वडिलांच्या नोकरीवर घराचा व्हिसा, आणि त्या वर्षांत मुलगा वयात आला की त्याला एकतर शिक्षण, नाहीतर स्वतःची नोकरी दाखवावी लागे. दुबईच्या करामातल्या किंवा शारजातल्या मराठी घरांना हे गणित तोंडपाठ आहे. बारावी झाली की पोरगा पुण्याला, मणिपालला किंवा कॅनडाला जातो. त्याच्याबरोबर कुणाच्या तरी बँडचा बेसवाला जातो, कुणाचा गायक. बँड जमायला चार वर्षे लागतात आणि मोडायला एक विमानाचे तिकीट पुरते.

ड्रमरची तर दुहेरी पंचाईत. गिटार हेडफोन लावून वाजवता येते, पण भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये ड्रम ठेवणार कुठे आणि वाजवणार कधी? जिथे तालमीला जागा नाही तिथे ड्रमर तयार होणे अवघडच. नर्व्हसेलच्या ‘सायकोजेनोसाइड’ (2011) या दुसऱ्या अल्बमवर ड्रम आहेत ते टास्मानियातल्या सायक्रॉप्टिक बँडच्या डेव्हिड हेलीचे. त्यात कमीपणा नाही, वादन अव्वल आहे. पण एवढ्या श्रीमंत शहरातल्या बँडला ताल दुसऱ्या खंडातून आणावा लागतो, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

दौऱ्याचेही तसेच. फ्लोरिडातली पोरे गाडीत सामान टाकून अमेरिका पालथी घालू शकतात. दुबईहून निघालेल्या बँडला महामार्गावर काही तासांत देशाची हद्द लागते. पुढे युरोप गाठायचा तर ज्याच्या त्याच्या पासपोर्टप्रमाणे वेगळा अर्ज, वेगळी मुलाखत, वेगळी धाकधूक. गावात वाजवायचे तर कार्यक्रमाचा परवाना हवा. बहुतेक जागा हॉटेलांतल्या, आणि जिथे मद्य विकले जाते तिथे एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश मिळणे कठीण. म्हणजे ज्या वयात हे संगीत सर्वांत जास्त भिडते, नेमका तोच श्रोता दाराबाहेर. या सगळ्यातून ‘प्रीचिंग व्हेनम’ 2008 मध्ये आधी आखाती भागात निघाला आणि वर्षभरात युरोपात पोहोचला, ही कामगिरी आहे. तिचे कौतुक व्हायला हवे तेवढे झाले नाही.

आता पुन्हा ट्रिव्हियमकडे. हा बँड पुढे रोडरनर या बड्या कंपनीकडे गेला, 2005 च्या ‘असेंडन्सी’ने जगभर पोहोचला, आणि 2016 मध्ये त्याने आपला पहिला अल्बम ‘अब इनिशिओ’ या नावाने पुन्हा काढला. सोबत बँडची सुरुवातीची डेमो मुद्रणे जोडली. चाचपडणारी ती मुद्रणे ऐकली की पहिला अल्बम कुठून आला ते कळते. पुनर्मुद्रणाला केवळ व्यापार म्हणून हिणवणे चूक आहे. त्यासाठी कुणीतरी मूळ टेप सांभाळलेल्या असाव्या लागतात, हक्कांचे कागद जागेवर असावे लागतात, आणि तेरा वर्षांनी विचारणारा श्रोता त्याच गावात किंवा त्याच नावाभोवती शिल्लक असावा लागतो. ज्या शहरातली माणसेच करारावर राहतात, तिथे यातले काहीच आपोआप होत नाही.

2017 मध्ये नर्व्हसेलचा तिसरा अल्बम ‘पास्ट, प्रेझेंट... टॉर्चर’ आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अबू धाबीत लूव्रचे दालन उघडले. दुबईत ऑपेरा हाउस आदल्याच वर्षी उभे राहिले होते. देशाने कलेवर केलेला हा खर्च स्वागतार्हच आहे. 2019 पासून दीर्घ मुदतीचे गोल्डन व्हिसा आले आणि पुढे कलावंतांनाही त्यांची वाट खुली झाली, हेही चांगले पाऊल. पण बाहेरून आणलेल्या चित्रांइतकाच आदर तिथल्याच फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांनी केलेल्या आवाजाला मिळायला हवा. तो आवाज त्या शहराचा आहे, मुलांच्या पासपोर्टावर काहीही छापलेले असो.

म्हणून ‘प्रीचिंग व्हेनम’ची एक भरघोस आवृत्ती निघावी: ‘ह्यूमन केऑस’सह, तालमींच्या मुद्रणांसह, अरबी आणि इंग्रजी टिपणांसह. अमिरातीतल्या एखाद्या सांस्कृतिक संस्थेने ती काढली तर उत्तमच. मराठी घरांनाही यात काम आहे. त्या वर्षांत डेझर्ट रॉकला गेलेले, शाळेच्या बँडमध्ये वाजवलेले कितीतरी जण आज पुण्यात, ठाण्यात, पणजीत आहेत. त्यांच्या कपाटांत तिकिटे, पोस्टर, घरी भरलेल्या सीडी पडलेल्या असतील. या दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालू नका. मागच्या बाजूला तारीख, जागा आणि वाजवणाऱ्यांची नावे लिहा, आणि सीडीची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवा.