एव्होराच्या ढालीवरील दोन शिरें

व्यक्तीप्रमाणें नगरासही आपला पूर्वेतिहास थोडक्यांत सांगण्याची हौस असते. पोर्तुगालांतील नगरपालिकांनीं ती आपल्या ध्वजावर व ढालीवर भागविली आहे, आणि तिला नियमांची शिस्तही आहे. ढालीच्या माथ्यावर तटाच्या बुरुजांचा मुकुट असतो. शहरास पांच बुरूज, कसब्यास चार. राजधानी लिस्बनचा मुकुट तेवढा सोन्याचा. १९३० सालीं ठरलेली ही पद्धत १९९१ च्या कायद्यानेंही चालू ठेविली. ढालीच्या आंत काय असावें हें मात्र बहुधा त्या त्या नगराची स्मृति ठरविते; आणि एव्होरा शहराच्या स्मृतीनें एक बिकट नैतिक प्रश्न उभा केला आहे.

एव्होराच्या ढालीवर हातीं तलवार घेतलेला एक घोडेस्वार आहे, आणि त्याच्याखालीं दोन तोडलेलीं शिरें आहेत. एक पुरुषाचें, एक स्त्रीचें. हा स्वार म्हणजे ‘निर्भय’ या उपपदानें प्रसिद्ध असलेला गेराल्दो. ११६५ सालीं त्यानें हें शहर मुसलमानी सत्तेकडून घेतलें. दंतकथा अशी कीं, टेहळणीच्या बुरुजावर एक मूर पहारेकरी व त्याची मुलगी होती. गेराल्दो रात्रीं भिंतीच्या फटींत भाले खोंचून वर चढला व त्यानें दोघांचाही वध केला. हाच वीर पुढें मोरोक्कोंत अल्मोहदांच्या चाकरीस गेला व तेथेंच मारला गेला. पण ही गोष्ट ढाल सांगत नाहीं.

अशा कृत्याचें चिन्ह नगरानें मिरवावें काय? कोणी म्हणेल, बाराव्या शतकास आजचें माप लावूं नये. हें खरें, परंतु ध्वज आज फडकतो, आणि त्यास वंदन करणारे लोकही आजचेच असतात. दुसरा म्हणेल, मग शिरें पुसून टाका व स्वार तेवढा राहूं द्या. हा मार्ग सभ्य दिसतो. आम्हांस मात्र तोच अधिक घातक वाटतो. शिरें पुसल्यानें वध पुसला जात नाहीं. विजयाची किंमत कोणीं दिली, एवढेंच कळेनासें होतें.

याचा दाखला आपल्या शेजारींच आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशीं, अल्बुकर्कनें गोवें जिंकलें. म्हणून तिचें चक्र गोव्याचें चिन्ह झालें, आणि १९३५ सालीं पोर्तुगीज हिंदुस्थानास मिळालेल्या ढालीवरही तें आलें. वास्तविक तें चक्र एका निरपराध स्त्रीच्या छळाचें साधन. तें जेत्यांचें भूषण झालें! त्या विजयाच्या वेळीं शहरांतील मुसलमानांची जी कत्तल झाली, तिचा एक थेंबही त्यावर दिसत नाहीं. चक्र निर्मळ आहे, आणि म्हणूनच तें पाहणाऱ्यास फसवितें.

एव्होराची ढाल निर्दय आहे, पण ती फसवीत नाहीं. अर्थात् क्रौर्य उघड दाखविणें म्हणजे पश्चात्ताप नव्हे. ज्यांनीं ती प्रथम रेखाटली त्यांस बहुधा अभिमानच वाटला असेल. परंतु चिन्हाचा अर्थ रेखाटणाऱ्याच्या हेतूपाशीं संपत नाहीं. पाहणाऱ्याच्या विवेकाबरोबर तो बदलूं शकतो. शहराच्या मुख्य चौकास स्वाराचें नांव मिळालें. मुलीच्या वांट्यास ढालीचा तळ आला. तीं शिरें तेथेंच असावींत, असें आमचें मत आहे. मात्र ध्वजास वंदन करणाऱ्याची दृष्टि स्वारावरून खालीं उतरून क्षणभर त्या मुलीच्या मुखावर स्थिरावावी. जें नगर हें करूं शकेल, त्यास आपली ढाल बदलण्याची गरज उरणार नाहीं.